झाडाचा जीव कोठे असतो?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अशी समजूत होती की आम्ही बोनसवर, महागाई भत्त्यावर किंवा कंत्राटी कामगारांच्या कायद्यावर बोलू. ते विषय आमच्या जिभेवरचेच आहेत. पण आम्ही त्यांना कळवले की, यंदा आम्हांला झाडावर बोलू द्या. उत्तर यायला आठ दिवस लागले. तेवढ्या अवधीत कार्यकारी मंडळात काय चर्चा झाली असेल याची कल्पना आम्ही करू शकतो. तरी त्यांनी होकार दिला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नाही. कशाचेच पदवीधर नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, वडिलांच्या हातचे काम गेले आणि आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, तेही दिवसाचे काम आटोपल्यावर. उद्यान खात्यात बिगारी म्हणून लागलो, पुढे माळी झालो, आणि गेली तीस वर्षे त्याच खात्यातल्या माणसांची संघटना बांधण्याचे काम करीत आहोत. झाडाशी आमचा संबंध आला तो कुदळ-कोयत्यातून. पुस्तकातून तो बऱ्याच उशिरा आला, आणि तोही एका खातेनिहाय चौकशीमुळे.

ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कशासाठी ते ध्यानात येईल. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्याच्या एका रात्री रस्त्याकडेचा एक जुना पर्जन्यवृक्ष कोसळला आणि खाली उभ्या असलेल्या रिक्षावर पडला. रिक्षाचालकाचा जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ओरड झाली आणि तिसऱ्या दिवशी आमच्या एका माळीदादांना निलंबित केले. आरोपपत्रात एकच मुद्दा होता : झाड आतून पोकळ होते, म्हणजे ते मेलेले होते, आणि पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत यांनी ते ‘सुस्थितीत’ असे लिहिले. माळीदादांची नोकरी सव्वीस वर्षांची. ते आमच्याकडे आले आणि एवढेच म्हणाले, “साहेब, झाड पोकळ होतं हे खरं. पण ते जिवंत होतं. हे त्यांना कसं समजावू?”

आम्हांलाही ते नीट समजावता येईना. झाड जिवंत असते म्हणजे त्याच्या कोणत्या भागात जीव असतो? खोडात, मुळात, की पानात? आम्ही वाचनालयात गेलो आणि तेथून आमचा अभ्यास सुरू झाला.

प्रथम खोडाचेच घेऊ, कारण आरोप खोडावर होता. कापलेल्या ओंडक्याचे तोंड तुम्ही पाहिले असेल. सर्वांत बाहेर खरखरीत साल असते. ती मेलेली असते, तिचे काम पांघरुणाचे. तिच्या आत एक ओलसर, तंतुमय अस्तर असते. पानांत तयार झालेली साखर याच अस्तरातून खाली मुळांपर्यंत उतरते. त्याच्या आत एक थर असतो, तो डोळ्यांना दिसतही नाही, इतका पातळ. पुस्तकांत त्याला ‘ऊतककर’ असे नाव आहे. झाडाचे सगळे जाड होणे या एका थराचे काम. तो आतल्या अंगाला लाकूड घालतो आणि बाहेरच्या अंगाला ते साखरेचे अस्तर. त्याच्या आत फिकट, ओले लाकूड, ज्यातून पाणी वर चढते, आणि त्याच्याही आत गाभा. सागाचा वा शिसवीचा जो गडद गाभा आपण दारे-खिडक्यांना वापरतो, तो झाड उभे असतानाच मेलेला असतो. पाणी त्यातून चढत नाही, अन्न उतरत नाही.

म्हणजे जे आपण झाडाचे ‘काळीज’ समजतो ते मेलेले, आणि जीव आहे तो कडेला, सालीच्या आत लपून. गाभा कुजून गेला, खोडात ढोली झाली, त्यात पोपट राहू लागले, तरी झाड पाने धरते, फुलते, फळते. कलकत्त्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानात एक प्रसिद्ध वड आहे. त्याचे मूळ खोड बुरशीने इतके सडले की १९२५ साली ते काढूनच टाकावे लागले. झाड मेले नाही. पारंब्यांनी जमिनीत पाय रोवलेले होते, प्रत्येक पारंबीला तिचे स्वतःचे अस्तर होते. आज शंभर वर्षे झाली, तो वड खोडावाचून वाढतो आहे.

उलट बाजू पाहा. धडधाकट, ठणठणीत गाभ्याचे झाड घ्या आणि खोडाभोवती चार बोटे रुंदीची साल गोलाकार, लाकडापर्यंत सोलून काढा. झाड मरते. इटलीच्या मालपिघीने सतराव्या शतकात असे वलय कापून पाहिले, तेव्हा वलयाच्या वरच्या काठाला खोड फुगले. खाली उतरणारा रस तेथे अडला होता. मौज, किंवा दुःख म्हणा, अशी की असे झाड लगेच मरत नाही. पाणी लाकडातून वर जातच असते, म्हणून पाने हिरवी राहतात. मुळे मात्र साठवलेल्या पिठावर दिवस काढतात, आणि साठा संपला की उपाशी मरतात. कधी काही महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक. जाहिरातीच्या फलकाआड येणारी झाडे अशी ‘आपोआप’ वाळतात, हे आमच्या खात्यातला प्रत्येक माणूस जाणतो. घाव घालणाऱ्याचा पत्ता लागत नाही, कारण झाड वाळेपर्यंत फलकाचा करारही संपलेला असतो.

येथे कोकणातले श्रोते म्हणतील, आमच्या माडाला चढण्यासाठी पायऱ्यांच्या खाचा पाडतात, तो का मरत नाही? प्रश्न रास्त आहे. माड हे वेगळेच प्रकरण आहे. त्याला ऊतककर नसतोच. पाण्याच्या आणि साखरेच्या नळ्या सबंध खोडभर विखुरलेल्या, जाड दोरखंडातल्या सुतळ्यांसारख्या, म्हणून कडेची खाच त्याला चालते. पण ती खाच कधी भरून येत नाही, जन्मभर तशीच राहते. आणि माडाचा वाढीचा जीव एकाच जागी एकवटलेला असतो, शेंड्याच्या कोंबात. गेंड्या भुंगा तेवढी जागा खाऊन गेला की साठ फुटांचे खोड शाबूत असूनही माड संपला.

आता मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढते कसे, हे पाहू. हा भाग आम्हांला सर्वांत नवलाचा वाटला आणि सर्वांत जास्त रात्री याच्यातच गेल्या. विहिरीवर इंजिन बसवलेल्या शेतकऱ्याला ठाऊक असते की पाणी फार खाली गेले की इंजिन काठावर ठेवून भागत नाही, ते आत कपारीत उतरवावे लागते. याचे कारण, शोषून घेणारा पंप पाणी ‘ओढत’ नसतो. बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि त्या दाबाची ताकद फार तर चौतीस फुटांची. मग शंभर फुटांच्या सावरीच्या शेंड्याला पाणी कोण पोचवतो? कॅलिफोर्नियात एक रेडवुड वृक्ष आहे, २००६ साली तो सापडला. त्याची उंची सुमारे ११६ मीटर, म्हणजे ३८० फूट!

मुळे खालून ढकलतात असे काहींनी म्हटले. थोडे ढकलतातही, पण ते पुरे पडत नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ साली सबंध ग्रंथ लिहून मांडले की खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या स्पंदन पावतात आणि रस वर ढकलतात. आम्ही लहानपणापासून बोसांचे भक्त. ते खरे ठरावे असे आमच्या मनात फार होते. पण त्यांच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जर्मनीत स्ट्रासबर्गर नावाच्या संशोधकाने वीस मीटरांहून उंच झाडे बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली होती. वाटेतल्या जिवंत पेशी विषाने मेल्या, तरी द्रावण शेंड्यापर्यंत चढले. सत्यापुढे भक्ती ठेवता येत नाही.

उत्तर डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ च्या सुमारास दिले, आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. लाकडातल्या केसाहून बारीक नळ्यांत पाण्याचा जो धागा असतो तो मुळापासून पानापर्यंत अखंड असतो. पानाच्या पाठीवर बारीक रंध्रे असतात, अनेक झाडांत एका चौरस मिलिमीटरात शंभर-दोनशे तरी. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. एक कण गेला की तो मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला, आणि ओढ थेट मातीपर्यंत पोचते. पंप खाली नाही, वर आहे. पंप चालवतो तो सूर्य. मोठे झाड उन्हाळ्याच्या दिवसात अशा रीतीने शेकडो लिटर पाणी उचलते आणि त्यातले शेकडा पंचाण्णवांहून जास्त हवेत सोडून देते. झाडाखाली जो गारवा लागतो तो सावलीचा असतो, तसाच या वाफेचाही असतो.

ज्या नळ्यांतून हे पाणी चढते त्या मेलेल्या असतात. पेशी आधी जगते, भिंती जाड करते, मग स्वतः मरते आणि पोकळी मागे ठेवते. पोकळी असते म्हणूनच पाण्याला वाट मिळते. आणि हा धागा ताणलेला असल्यामुळे तुटण्याची भीती कायम असते. माती कोरडी पडली, वरून ऊन ओढू लागले, की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. बुडबुडा शेजारच्या नळीत जाऊ नये म्हणून मध्ये चाळणीसारखे पडदे असतात. पण दुष्काळ लांबला की एकेक करून नळ्या जातात. म्हणून रंध्रांना दरवाजे आहेत. प्रत्येक रंध्राशी दोन पेशी, टपोऱ्या झाल्या की दार उघडे, मलूल पडल्या की बंद. दार बंद केले की पाणी वाचते, पण हवा आत येणेही थांबते आणि अन्न शिजत नाही. भर उन्हात प्रत्येक पान तहान आणि भूक यांच्यात हा हिशेब करीत असते.

हवेवाचून अन्न का शिजत नाही, हे सांगण्यासाठी व्हान हेल्मॉन्टची गोष्ट सांगायला हवी. या फ्लेमिश गृहस्थाने सुमारे चारशे वर्षांपूर्वी दोनशे पौंड सुकी माती कुंडीत घातली, पाच पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती पुन्हा सुकवून जोखली, तर घटली अवघे दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचे बनते. अर्धा चुकला. झाड पाणी आणि हवा यांचे बनते. सुक्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कार्बनचे, आणि तो सगळा पानांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून गोळा केलेला. हा वायू हवेच्या दहा हजार भागांत चार भाग. विशेष हे की, जळत्या कोळशातून निघणारा हाच वायू व्हान हेल्मॉन्टने स्वतः ओळखला होता, ‘गॅस’ हा शब्दही त्याचाच. उत्तर त्याच्या दुसऱ्या टेबलावर पडले होते. प्रकाशाची जोड १७७९ साली इंगेनहाउझने दाखवली. बाकी पानांचे हे प्रकरण शाळेच्या पुस्तकांत चांगले असते, तेव्हा येथे ते लांबवीत नाही.

मुळांचे मात्र लांबवणार आहोत, कारण त्यांचे प्रकरण शाळेच्या पुस्तकांत चुकीचे असते. निदान चित्र चुकीचे असते. जमिनीवर जेवढे झाड तेवढेच खाली, मधोमध एक सोटमूळ पाताळाला चाललेले, असे ते चित्र. आम्ही तीस वर्षांत पडलेली शेकडो झाडे पाहिली. बहुतेकांची मुळे ताटलीसारखी, पसरट. पाणी आणि अन्न घेणारी मुळे बहुतांशी वरच्या हात-दोन हात मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. कारण साधे आहे. मुळांना श्वास घ्यावा लागतो. प्राणवायू मातीच्या फटींतून येतो, आणि जसजसे खोल जावे तसतसा तो कमी. खोडाजवळची जाड मुळे झाडाला उभे धरतात. पाणी पितात ती टोकाची, धाग्यासारखी मुळे आणि त्यांवरची लव. ही लव काही दिवस जगते, मरते, टोक पुढे सरकते आणि नवी लव येते. शिवाय बहुतेक झाडांची या टोकांशी बुरशीची भागीदारी असते. बुरशी फॉस्फरस आणून देते, झाड तिला साखर देते. १८८५ साली फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने या जोडीला नाव दिले. बुरशीच्या जाळ्यातून झाडे एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिलांना दूध पाजते, असेही अलीकडे छापून येते. कामगार संघटनेच्या माणसाला ही गोष्ट किती गोड वाटेल! पण २०२३ साली याच विषयातल्या काही शास्त्रज्ञांनी सगळा पुरावा तपासून सांगितले की जंगलात हे एवढे सिद्ध झालेले नाही. म्हणून आम्ही सभेत तो दाखला देत नाही.

आता रस्त्यावर या. खोडाला लागून सिमेंट ओतलेले, पेव्हर ब्लॉक बसवलेले. पाऊस पडला तरी पाणी गटारात जाते, आणि हवा तर जातच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला. एक मीटर ही झाडाच्या मानाने चटणीएवढी गोष्ट, पण तीही आपल्याकडे किती ठिकाणी दिसते ते परतताना पाहा. झाड तोडायचे तर आपल्या राज्यात १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते. केबलचा चर खोडापासून दोन फुटांवर खणायचा तर झाडाच्या बाजूने विचारणारा सहसा कोणी नसतो.

आणि येथेच आमच्या माळीदादांची चौकशी पुन्हा येते. कोसळलेले झाड महापालिकेच्या आवारात तुकडे करून टाकले होते. बुंधा शिल्लक होता. आम्ही टेप घेऊन गेलो. बुंध्याची त्रिज्या चोवीस इंच, आत पोकळी होतीच, पण सभोवार चांगल्या लाकडाचे कवच दहा इंच जाड. परांचीचा पोकळ नळ भरीव कांबीहून फारसा दुबळा नसतो, हे बांधकामावरच्या कोणत्याही माणसाला विचारा. कवच त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून जाड असले की ते सहसा टिकते, असा अंदाजी नियम जर्मनीच्या मॅथेक यांनी शेकडो झाडे मोजून मांडलेला आहे. पण आमचा खरा पुरावा याहून साधा होता. झाड मोडलेच नव्हते. पोकळीमुळे पडणारे झाड खोडात मोडते. हे मुळांसकट उपटून आले होते, आणि पडल्या दिवशी लोकांनी काढलेली छायाचित्रे आमच्याजवळ होती. रस्त्याच्या बाजूची मुळे फाटलेली, चिंध्या झालेली. पदपथाच्या बाजूची मुळे एका सरळ रेषेत, गुळगुळीत कापलेली. चार मनगटाएवढी मुळे, आणि कापाची तोंडे काळी पडलेली. म्हणजे घाव त्या पावसाळ्याचा नव्हता. दीड-दोन वर्षांमागे तेथे चर खणला होता, ब्लॉक पुन्हा बसवले होते, आणि वरून काही दिसत नव्हते. पाहणी करणाऱ्या माळ्याला कुदळ घेऊन पदपथ उखडण्याचा अधिकार कोणी दिला होता?

चौकशी अधिकाऱ्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकले, हे सांगितले पाहिजे. पण चर कोणाच्या परवानगीने खणला हे त्या चौकशीच्या कक्षेत येत नाही, असे त्यांनी लिहिले. माळीदादांना चौदा महिन्यांनी कामावर घेतले. एक वेतनवाढ रोखली ती रोखलीच. रिक्षाचालकाला मदतीची जी रक्कम मिळाली तीतून त्याचा औषधांचा खर्चही निघाला नाही, आणि त्याचा दावा अजून चालू आहे. त्या कामी आम्ही त्याच्या बाजूने साक्ष दिली. काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही, कारण दावा आमच्याच मालकावर होता. असो.

त्या चौकशीपासून आम्ही संघटनेच्या कार्यालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वर्ग घेतो. त्यात फांदी कापण्याचा धडा सर्वांत आधी असतो. पूर्वी आम्ही फांदी खोडाशी अगदी सपाट कापत असू आणि वरून डांबर फाशीत असू. ते काम नेटके दिसे. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंत घालते आणि पुढचे नवे लाकूड त्यावर चढवते. फांदीच्या मुळाशी जे फुगीर कडे असते, तेथून ही भिंत उभी राहते. सपाट काप म्हणजे ते कडेच उडवणे. आणि डांबराने कूज थांबत नाही, ओल मात्र आत कोंडते. म्हणून आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट कड्याच्या बाहेर तिसऱ्या कापाने. सालीची पट्टी फाटत नाही. या कामाला दहा मिनिटे जास्त लागतात. कंत्राटी टोळीला पैसे झाडामागे मिळतात, मिनिटामागे नाहीत. त्यामुळे हा धडा आमच्या मागणीपत्रातही गेला आहे, कलम अकरा.

आणखी एक गोष्ट. या मंडपाच्या डाव्या कोपऱ्याला जे आंब्याचे झाड आहे, त्याला रोषणाईची तार गुंडाळलेली आहे. येताना आम्ही हात लावून पाहिले, खालचे दोन वेढे गेल्या वर्षीचे असावेत, ते सालीत रुतू लागले आहेत. साल फुगायला लागली आहे, वरच्या काठाला. चिटणीसांनी पक्कड मागवली आहे, आणि सभा उठल्यावर आमच्या वर्गातले दोन गडी ती तार सोडवणार आहेत. ज्यांना ऊतककर कोठे असतो ते बोटाने चाचपून पाहायचे असेल त्यांनी पाच मिनिटे थांबावे.